पाच शेरांची पायली : काल्पनिक देशाची राष्ट्रीय स्मारकं कशी उभारावीत

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आठवडाभर राहायला आली होती. सातवीतून आठवीत गेलेली, हातात रंगीत पेनं आणि डोक्यात एक अख्खा देश. देशाचं नाव तिनं आधीच ठरवलं होतं : तिवरण. खाडीच्या दोन्ही काठांवर वसलेला, तिवरांच्या जंगलानं वेढलेला, मिठावर जगणारा छोटासा देश. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर नकाशा काढला. खाडी, बंदर, मिठागरं, मागे डोंगर. मग मी मोठ्या उत्साहानं लाल पेन घेतलं आणि सात ठिकाणी त्रिकोण काढले. ही राष्ट्रीय स्मारकं. पहिल्या राजाचा तीनशे फुटी पुतळा, विजयस्तंभ, सोन्याचा घुमट वगैरे.

तिनं सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्याला पैसे कुणी दिले?"

"राजानं."

"आणि राजाला कुणी दिले?"

सातही त्रिकोण खोडले. तेव्हापासून आम्ही दोघं फोनवरून हा देश बांधतोय आणि स्मारकांचं खातं माझ्याकडे आहे. कादंबरी लिहिणारे, पटावरचे खेळ रचणारे, कॉमिक काढणारे, अशा कुणालाही उपयोगी पडावी म्हणून माझी कामाची पद्धत इथे मांडतो. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका, विशेषतः पहिल्या दोन.

पायरी १ : आधी दोन सनं लिहा

कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात घटना कधी घडली ते, दुसऱ्यात स्मारक कधी उभं राहिलं ते. नवखा माणूस दोन्हीकडे एकच वर्ष लिहितो आणि तिथेच फसतो. स्मारकाची खरी गोष्ट त्या दोन सनांच्या मधल्या जागेत असते.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. प्रतापगडावरची अफजलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. गडावरच्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं ३० नोव्हेंबर १९५७ ला. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं. आता १९५७ साल आठवा : संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, मुंबई कुणाची हा प्रश्न लोंबकळत पडलेला, आणि त्या समारंभाच्या वेळी समितीनं नेहरूंविरुद्ध केलेली प्रचंड निदर्शनं. पुतळा १६५९ चा, पण त्या दिवशी घाटात जे चाललं होतं ते सगळं १९५७ चं. तुमच्या देशातल्या प्रत्येक स्मारकाला असा दुसरा सन द्या, आणि त्या दुसऱ्या सनात देशात काय जळत होतं ते एका ओळीत लिहा.

तिवरणात आम्ही हे असं केलं. मिठावरचा कर धान्याच्या मापानं वसूल व्हायचा. चार शेरांची पायली हे जुनं माप सगळ्यांना ठाऊक. पण राजाच्या मक्तेदारांनी वसुलीसाठी जी पायली बनवून घेतली तिच्यात पाच शेर मीठ मावायचं. वर्ष २१२ मध्ये मिठागरावरच्या लोकांनी ती पायली दगडावर आपटून फोडली. गोळीबार झाला, माणसं मेली. ही घटना. स्मारक उभं राहिलं २७१ साली. एकोणसाठ वर्षं का लागली? तर तोवर राजेशाही गेली होती आणि नव्या राज्यात प्रतिष्ठा मिळवायला धडपडणाऱ्या मीठ-व्यापाऱ्यांना काहीतरी देशभक्तीचं बांधायचं होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांचे आजे ते जुने मक्तेदार. म्हणजे ज्यांच्या आज्यांनी पाच शेरांची पायली वापरली, त्यांच्याच नातवंडांनी फुटक्या पायलीचं स्मारक बांधलं.

ही शेवटची ओळ भाचीची. मला सुचली नसती.

पायरी २ : बिल बघा

पैसे कुणाचे हे ठरलं की उंची, दगड, जागा आणि वेळ ही चारही कोडी निम्मी सुटतात. आणि पैसे अर्ध्यात संपले तर आणखीच छान, कारण दगडावर त्याची खूण राहते.

वॉशिंग्टनचा स्तंभ बघा. १८४८ ला काम सुरू झालं, १८५४ च्या सुमाराला पैसे आणि राजकारण दोन्ही आटले, आणि मग वीसेक वर्षं तो खुंटासारखा उभा. पुन्हा काम सुरू झालं तेव्हा संगमरवर वेगळ्या खाणीतून आला, म्हणून साधारण ४६ मीटरवर त्याचा रंग बदलतो. आजही खालून नुसत्या डोळ्यांनी तो सांधा दिसतो. १८८४ साली पूर्ण झालेल्या ५५५ फुटांच्या त्या स्तंभावर कुठेही ‘मध्यंतरी यादवी युद्ध झालं’ असं लिहिलेलं नाही. रंगच ते सांगतो.

गेटवे ऑफ इंडिया तर आपल्या अंगणातलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात मुंबईत उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाचा दगड १९१३ ला बसला, जॉर्ज विटेटच्या आराखड्यावरून पिवळ्या बेसॉल्टचं काम झालं आणि उद्घाटन व्हायला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. कमानीसमोरून थेट येणारा भव्य रस्ताही करायचा होता, पण पैसे उरले नाहीत. म्हणून आजही तुम्ही रस्त्यानं गेटवेकडे चालत जाता तेव्हा तो किंचित तिरका दिसतो. तुमच्या काल्पनिक राजधानीत एक तरी असा तिरकेपणा ठेवा. वाचकाला कारण सांगू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या.

पैसे लोकवर्गणीतून आले असतील तर त्याचा रंग वेगळा. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांवाचून अडला होता. तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झरनं आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं. १,२०,००० च्या वर लोकांनी मिळून एक लाखावर डॉलर दिले, बहुतेकांनी एक डॉलरहूनही कमी. त्यानं देणाऱ्यांची नावं छापली. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ कोरतात तोच मामला. वर्गणी काढली की यादी आली आणि यादी आली की मानापमान आलेच.

पायरी ३ : दगड निवडा, आणि दगडाचं ऐका

काल्पनिक देश म्हटलं की लोक सरसकट पांढरा संगमरवर लावतात. कुठून आणला? देशाच्या जमिनीत जे सापडतं ते आधी वापरा. आपल्या घाटावर काळा बेसॉल्ट मुबलक म्हणून आपली लेणी आणि गड काळे. कोकणात जांभा, म्हणून घरं आणि गडगे तांबडे. जांभा भोकाभोकांचा असतो, त्यात बारीक अक्षर धरत नाही. म्हणजे जांभ्याचं स्मारक केलंत तर लेखासाठी दुसरा दगड बाहेरून आणून बसवावा लागणार. तो कुठून आला, कुणी दिला, ही नवी गोष्ट तयार.

तिवरण खाडीकाठचा, म्हणून पायलीचा चौथरा जांभ्याचा आणि लेखाची शिळा डोंगरातल्या काळ्या दगडाची. डोंगरातले लोक गुराखी. त्यांचा मिठाच्या बंडाशी काडीचा संबंध नव्हता, पण शिळा आमची म्हणून दर वर्षी पहिल्या पूजेचा मान तेच मागतात. दगडाच्या एका निवडीतून एवढं निघालं.

पायरी ४ : रूप ठरवा, आणि पुतळा सगळ्यात शेवटी

ह्या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाकडे ह्या बाबतीत जी पुंजी आहे ती आपण वापरतच नाही. वीरगळ, सतीशिळा, समाधी, छत्री, वृंदावन, दीपमाळ, पार, स्तंभ... आठवणीला रूप द्यायच्या किती तऱ्हा आपल्या गावकुसाशी पडून आहेत! तरी देश कल्पायला बसलो की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावरचा माणूस येतो.

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, जवळून बघा. बहुतेक गावांत देवळामागे, तेलशेंदरानं माखलेला एखादा सापडतो. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, कधी पळवून नेलेली गुरं आणि त्यांच्यासाठी लढलेला गडी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चाललेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना बसलेला. आणि अगदी माथ्याशी सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. बहुतेकांवर नाव नाही, सन नाही. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. फूट-दीड फूट रुंदीच्या पट्ट्यात घटना, मरण, परलोक आणि काळ, सगळं बसवलंय. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळतं. कॉमिकच्या चौकटींची कल्पना शिकायला कुठे परदेशात जायला नको.

मग तुमच्या देशाचे लोक मेल्यानंतर काय होतं असं मानतात, त्यावरून त्यांच्या वीरगळाच्या चौकटी ठरवा. आमच्या तिवरणात मेलेला माणूस भरतीबरोबर परत येतो अशी समजूत. म्हणून त्यांचा दगड वरून खाली वाचतात, आणि सगळ्यात खालची चौकट पाण्यात बुडेल अशा उंचीवरच तो रोवतात. भरती आली की शेवटची चौकट दिसेनाशी होते.

काही नसणं हेही एक रूप आहे. लंडनच्या व्हाइटहॉलमधला सेनोटॅफ हे रिकामं थडगं. वास्तुकार ल्यूटेन्सनं १९१९ च्या विजय-संचलनासाठी लाकूड आणि प्लास्टरचं तात्पुरतं उभारलं होतं. लोकांनी तिथे फुलांचे असे ढीग लावले की ते हलवणं अवघड झालं, आणि १९२० मध्ये तेच दगडात कायमचं केलं. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ ला हलवला. २०२२ ला नेताजींचा पुतळा बसेपर्यंत ५४ वर्षं ती छत्री रिकामी होती. रिकामी छत्री बघून मोठी झालेली एक अख्खी पिढी आहे. तुमच्या राजधानीत एक रिकामा चौथरा ठेवा आणि त्यावर कोण बसावं ह्यावर तीन पक्षांची तीन मतं ठेवा.

आणि भाषा. पानिपतावर काला अंबला स्तंभ आहेच, पण किती मराठी माणसांनी तो बघितलाय? त्याउलट ‘पानिपत झालं’ आणि ‘संक्रांत कोसळली’ हे आपण परीक्षेच्या निकालापासून क्रिकेटपर्यंत कशालाही म्हणतो. १४ जानेवारी १७६१ चा दिवस तोंडात जिवंत आहे, आणि त्याला कुणाची वर्गणी लागली नाही. तुमच्या देशाचं सगळ्यात टिकाऊ स्मारक एखाद्या वाक्प्रचारात ठेवून बघा. तिवरणात फसवणुकीला ‘पाच शेरांची पायली’ म्हणतात. दुकानदाराशी भांडताना म्हणतात, लग्नाच्या बोलणीत म्हणतात. म्हणणाऱ्याला वर्ष २१२ माहीत असायची गरज नाही.

एवढं सगळं झाल्यावरही पुतळा हवाच असेल तर करा. पण उंचीचा आकडा कशावरून आला ते ठरवा. सरदार पटेलांच्या पुतळ्याचे १८२ मीटर गुजरात विधानसभेच्या जागांएवढे. लंडनच्या १६६६ च्या आगीचा स्तंभ २०२ फूट, कारण आग जिथे लागली ते पुडिंग लेनमधलं ठिकाण तिथून तेवढ्याच अंतरावर आहे. नुसतं ‘प्रचंड’ लिहिलं की वाचकाची मान वर होत नाही.

पायरी ५ : लेख लिहा, आणि क्रियापदाकडे लक्ष द्या

स्मारकावरचा लेख चार ओळींहून मोठा नको. पण त्या चार ओळी प्रत्यक्ष लिहाच. ‘तिथे शौर्याचं वर्णन कोरलं होतं’ असं सांगून सुटू नका. आणि सगळा वेळ क्रियापदावर घालवा, कारण राज्यकर्ते तिथेच उघडे पडतात.

एकाच घटनेची ही रूपं बघा : गोळीबारात ठार झाले. मारले गेले. कामी आले. धारातीर्थी पडले. हुतात्मा झाले. देह ठेवला. पहिल्यात गोळी दिसते, म्हणजे गोळी चालवणाराही कुठेतरी जवळपास आहे. ‘मारले गेले’ मध्ये तो अंधारात सरकला. ‘कामी आले’ हे बखरीतलं, धन्याच्या बाजूनं बोललेलं : कुणाच्या कामी? ‘धारातीर्थी’ला तलवारीची धार लागते, बंदुकीला तो शब्द तसा उसनाच. ‘हुतात्मा’ म्हटलं की मेलेला माणूस आहुती होतो आणि त्याच्या मरणाला हेतू मिळतो. आणि ‘देह ठेवला’ तर संतांसाठी. आमच्या मीठ-व्यापाऱ्यांनी काय कोरलं असेल? उघड आहे.

"या स्थळी वर्ष २१२ मध्ये न्याय्य मापासाठी नऊ जणांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यस्मृतीस तिवरणच्या लवण-व्यापारी मंडळींनी ही वास्तू अर्पण केली."

वाचलं की नऊ माणसं संध्याकाळच्या वाऱ्याला बसली आणि सुखानं गेली असं वाटतं. खाली व्यापाऱ्यांची सतरा नावं, मेलेल्यांच्या नावांपेक्षा एक बोट मोठ्या अक्षरांत.

आता आकडा. मेलेल्यांचा आकडा कधीही एक ठेवू नका. हुतात्मा चौकातलं स्मारक ज्यांच्यासाठी आहे ते संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे कुणी १०५ म्हणतं, कुणी १०६, कुणी १०७. कोण कधी मेलं, कोण यादीत धरायचं, यावर प्रत्येक आकड्यामागे माणसं आहेत. तिवरणात सरकारी आकडा नऊ. मिठागरावर अकरा म्हणतात. उरलेल्या दोन बायका होत्या, रोजंदारीवर मीठ ओढणाऱ्या, त्यांची नावं मक्तेदाराच्या हजेरीत नव्हती. लेखाच्या शिळेखाली जांभ्यावर कुणीतरी खिळ्यानं दोन नावं खरवडली आहेत. जांभ्यात अक्षर धरत नाही हे मघाशी सांगितलंच, त्यामुळे दर पावसाळ्यात ती पुसट होतात आणि दर दिवाळीच्या आधी कुणीतरी ती गेरूनं पुन्हा भरतं. कुणी, ते आम्ही ठरवलेलं नाही. भाची म्हणते ठरवायचंही नाही.

नावांचा क्रमही विचार करून लावा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर ५८,००० हून अधिक नावं मरणाच्या क्रमानं आहेत. हुद्दा नाही, आणि बाराखडी असलीच तर ती फक्त एकेका दिवसाच्या आत. म्हणजे एकाच दिवशी एकाच चकमकीत गेलेले मित्र दगडावरही जवळपासच राहतात. हा आराखडा माया लिन ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा, १,४२१ प्रवेशिकांतून निवडलेला. काळ्या ग्रॅनाइटची जमिनीत उतरणारी भिंत बघून बरेच जण भडकले, आणि तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा रीतसर पुतळा १९८४ मध्ये बसवावा लागला. तुमच्याही एखाद्या चांगल्या स्मारकाशेजारी असा तडजोडीचा पुतळा उभा करा. फार खरं वाटतं.

लेखात शापही घालता येतो. आपल्याकडच्या गधेगाळांवर, म्हणजे दानाच्या जुन्या शिळांवर, माथ्याशी सूर्यचंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाची ती जहाल शिवी, चक्क चित्र काढून. कायद्याचा हात जिथवर पोचत नाही तिथे आब्रूची भीती.

पायरी ६ : एक दिवस द्या, शक्यतो दोन

स्मारकाला वर्षातून एकदा गर्दी हवी. कोण झाडतं, कोण हार घालतं, भाषण कोण करतं, शाळेची पोरं उन्हात किती वेळ उभी राहतात. हे भराभर लिहिता येतं, सगळ्यांनी भोगलेलं आहे. थोडा विचार लागतो तो तारखेला. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा ६ जूनलाही होतो आणि तिथीनं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. एका घटनेला दोन दिनदर्शिका मिळाल्या की देशात दोन काळ एकदम नांदतात हे न सांगता कळतं. तिवरणचं सरकार ठरावीक तारखेला सकाळी नऊला येतं. मिठागरावरची माणसं मात्र त्या महिन्याच्या पौर्णिमेच्या उधाणाला, रात्री, कंदील घेऊन येतात, आणि चिमूटभर मीठ पायलीत टाकून जातात.

पायरी ७ : पुढची पन्नास वर्षं जगू द्या

इथवर आलात तर स्मारक नवंकोरं आहे. आता त्याला खराब करायचं. नकाशावरच्या प्रत्येक स्मारकाला पुढच्यापैकी एक तरी होऊ द्या : टोपणनाव पडणं, अर्थ उलटणं, जागा बदलणं, पडीक होणं.

टोपणनाव आधी. मुंबईत कितीतरी वर्षं बसमध्ये लोक हुतात्मा चौकाला ‘फाउंटन’च म्हणत आले, कारण १८६४ चं फ्लोराचं कारंजं आधीपासून तिथे होतं. आज रोमन फुलदेवता आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार हाकेच्या अंतरावर उभे आहेत. काळ्या घोड्याची तऱ्हा आणखी न्यारी. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ ला राणीच्या बागेत गेला, पण जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. घोडा नसलेल्या काळ्या घोड्यावर लोक पन्नास वर्षं भेटत राहिले. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, ह्या वेळी स्वाराशिवाय. लोकांना राजा कधी आठवतच नव्हता. तिवरणातल्या आमच्या वास्तूचं सरकारी नाव ‘राष्ट्रीय न्याय्यमाप स्मारक’. रिक्षावाल्याला असं सांगितलंत तर तो नेणार नाही. ‘फुटकी पायली’ म्हणा.

अर्थ उलटण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भीमा नदीकाठी आहे. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारनं १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर स्वतःच्या पराक्रमासाठी उभारला. त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत बरीच नावं महार सैनिकांची होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि पुढे तो स्तंभ लाखो लोकांच्या अभिवादनाचं ठिकाण झाला. दगड तोच, अक्षरं तीच. उभारणाऱ्याला जे मिरवायचं होतं ते वाचणाऱ्यांनी बाजूला ठेवलं आणि नावं वाचली. गेटवेचंही तसंच : बादशहाच्या आगमनाची कमान, तिच्यातूनच २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली. तुमच्या देशातलं निदान एक स्मारक उभारणाऱ्याच्या हातातून निसटू द्या.

नकोशा झालेल्या पुतळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक क्रांतीनंतर येतो. वितळवायचे, गोदामात टाकायचे, की बुडापेस्टनं १९९३ मध्ये केलं तसं शहराबाहेर सगळे एका बागेत नेऊन ठेवायचे? तिवरणनं आपल्या राजांचे पुतळे खाडीच्या मुखाशी ओळीनं उभे केलेत. लाटा अडवायला. हे मला फार आवडतं, पण त्यावर जास्त लिहीत नाही, तिच्या गोष्टीत ते पुढे येणार आहे.

पडीकपणा मात्र बारकाईनं लिहा. आमच्या दगडी पायलीला पाणी जायला वाटच ठेवली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात ती काठोकाठ भरली, मुलांनी कागदी होड्या सोडल्या, मग डास झाले, मग ताप आला. नगरपालिकेनं माणूस पाठवून तळाशी बोटभर भोक पाडलं. आज वाटाडे पाहुण्यांना ते भोक दाखवून सांगतात, "ही बघा २१२ सालच्या गोळीची खूण." पाहुणे त्यात बोट घालून फोटो काढतात.

आणि एक स्मारक कधीच बांधू नका. नुसती कोनशिला ठेवा : कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत. पाठीमागे रिकामी जागा, तीत गवत आणि एक बांधलेली म्हैस. मराठी वाचकाला त्यापुढे एक अक्षरही सांगावं लागणार नाही.

पायरी ८ : कार्ड भरा

एका स्मारकाला एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. त्याहून जास्त माहिती झाली तर ती गोष्टीत घुसायला बघते. आमचं भरलेलं कार्ड असं :

सरकारी नाव : राष्ट्रीय न्याय्यमाप स्मारक. लोकांचं नाव : फुटकी पायली.
घटना : २१२. उभारणी : २७१. त्या साली काय जळत होतं : व्यापाऱ्यांना नव्या सभेत जागा हव्या होत्या.
पैसे : लवण-व्यापारी मंडळी. दगड : जांभा, लेखापुरता डोंगरातला काळा.
कोरलेला आकडा : नऊ. बोलला जाणारा : अकरा.
दिवस : सरकारी तारीख आणि पौर्णिमेचं उधाण.
काय बिघडलं : भोक.
शेजारी काय विकतात : उकडलेल्या शेंगा.

शेवटचा रकाना विसरू नका. स्मारकाशेजारी कोण काय विकतं हे ठाऊक नसेल तर तुमचं पात्र तिथे उभं राहून इतिहासच बोलायला लागतं. शेंगा असल्या की ते शेंगा खातं, टरफलं कुठे टाकायची म्हणून इकडेतिकडे बघतं, आणि तेवढ्यात शिळेखालची गेरूची दोन नावं त्याला दिसतात.

छोट्या देशाला सात कार्डं भरपूर झाली. सगळ्यांना ठाऊक असलेलं एक, भांडणाची दोन, पडीक एक, फक्त एका गावाला महत्त्वाचं वाटणारं एक, रिकामा चौथरा आणि ती कोनशिला. सातही भरून झाली की कार्डं घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि एवढंच म्हणा : तुला बंदरावरून बाजारात जायचंय, ह्या खुणांवरून रस्ता सांग. जे कार्ड रस्ता सांगताना एकदाही हाती येत नाही ते फाडून नवं करा.

आमची परीक्षा ताईनं घेतली. सहा कार्डं चालली. रिकामा चौथरा मात्र तिच्या हातात एकदाही आला नाही. भाचीनं फोनवरच कार्ड फाडल्याचा आवाज ऐकवला, आणि म्हणाली, "मामा, चौथरा राहू दे. त्यावर रिक्षा स्टँड करूया."